तिसऱ्या रांगेतला नकार

तिला भोंगा हे नाव मामाने ठेवलं. गेल्या वर्षीपर्यंत याच मुलीला हजेरीच्या वेळी दोनदा हजर म्हणावं लागायचं, कारण पहिलं कुणाच्या कानावरच पडायचं नाही. मग सुट्टीत काय झालं कोण जाणे, तिचा गळा मोकळा झाला. आणि झाला तो असा झाला, की ती कोपऱ्यावरून वळायच्या आधीच आईला दुकानात कळायचं. मामा किल्ल्या घासता घासता म्हणायचा, आला बघ आपला भोंगा, घड्याळं लावून घ्या. तिला राग यायचा नाही. उलट गंमत वाटायची. आपण आलोय हे लोकांना कळतंय, यात वाईट काय?

त्यामुळे युवा संसदेत सभापती कोण होणार असं नागरिकशास्त्राच्या बाईंनी विचारलं, तेव्हा अख्ख्या वर्गाने माना वळवून तिच्याकडे पाहिलं. ती उभी राहिली आणि नको नको म्हणायचंही विसरली.

युवा संसद शाळेत दरवर्षी व्हायची. साठ मुलंमुली खासदार व्हायची, एक पंतप्रधान, एक विरोधी पक्षनेता, प्रश्नोत्तरं, एक ठराव, मतदान. राज्य कसं चालतं ते मुलांना कळावं, एवढाच हेतू. गेल्या वर्षी स्वच्छतागृहांच्या दारांना कड्या लावण्याचा ठराव आला होता आणि त्यावर इतकं रणकंदन माजलं, की दोन खासदार महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. कड्या लागल्या नाहीत, पण मजा आली.

या वर्षी शहर विकास कार्यालयाने हा कार्यक्रम दत्तक घेतला. म्हणजे मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी तसं सांगितलं, आणि दत्तक शब्दाबरोबर बऱ्याच वस्तू आल्या. प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवायला पाट्या, सागाची खरीखुरी हातोडी, नियमांची मरून रंगाची पुस्तिका, बिस्किटांचे पुडे, आणि छापून तयार असलेला ठराव. विषय शोधायचे कष्टच नकोत. सगळ्यात शेवटी आले निरीक्षक.

निरीक्षकांना घाबरावं असं त्यांच्यात काहीही नव्हतं. आवाज मऊ, नखं स्वच्छ कापलेली, बसायच्या आधी “इथे बसलं तर चालेल ना?” असं मुलांनाच विचारायचे. सरावाला रोज यायचे आणि शेवटच्या बाकावर वही उघडून बसायचे. मधल्या सुट्टीत एकेकाला जवळ बोलावून गप्पा मारायचे. नाव काय, घर कुठे, घरी कोण कोण असतं, वडील काय करतात. उत्तर मिळालं की वहीत काहीतरी लिहायचे आणि बिस्कीट द्यायचे.

“आई माझी मापं घेते तशी हा माणूस आपली मापं घेतोय,” भोंगा हसत म्हणाली.

“आई कापड बेतण्यासाठी घेते,” मुंगी म्हणाली. “हा काय बेततोय?”

मुंगी तिच्या बाकावरची. अंगाने एवढीशी, आवाज त्याहून लहान, पण वाचायची सवय अशी की साबणाचं वेष्टनसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय टाकायची नाही. तिचे बाबा त्याच शहर विकास कार्यालयात चालक होते. निरीक्षकांची करडी गाडी तेच चालवत. गाडी फाटकाशी उभी राहिली की मुंगी खिडकीतून हात करायची, पण बाबा हात करायचे नाहीत. कामावर असताना नाही करायचा, असं त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं.

ठरावाचं नाव होतं शालेय परिसर सुशोभीकरण. अकरा पानं, शेवटी नकाशा. झाडं लावा, बाकं ठेवा, परिसर मोकळा करा. याला कोण नाही म्हणेल? भोंगाने पहिलं पान वाचलं आणि उरलेली दहा उलटली. तिला ठरावाशी कर्तव्यच नव्हतं. तिला तिच्या चार ओळी पाठ करायच्या होत्या. ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी होय म्हणावं. विरोधात असतील त्यांनी नाही म्हणावं. मग संहितेत कंसात लिहिलं होतं, शांतता. मग, ठराव एकमताने मंजूर. आणि हातोडी.

सराव एकोणीस वेळा झाला. एकोणीस वेळा साठ जणांनी होय म्हटलं, एकोणीस वेळा नाहीच्या जागी सगळे गप्प बसले, आणि एकोणीस वेळा हातोडी पडली. त्या गप्पपणालाही शेवटी ताल आला. गर्जना, एक श्वास, ठक. तिला तो श्वास सगळ्यात आवडायचा. तेवढ्या वेळात सगळे फक्त तिच्याकडे बघत असायचे.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. मंचावर रांगांत खासदार, खाली पहिल्या रांगेत पाहुणे, त्यांच्यामागे पालक, मुख्याध्यापक नव्या कोटात घामाघूम. आईला गणवेशांची लांबी सोडायची होती म्हणून ती आली नाही. मामा मात्र दुकानाचं शटर अर्धं ओढून आला आणि दाराशी उभा राहिला. कार्यक्रम सुरेख रंगला. पंतप्रधान एकदाच अडखळला. विरोधी पक्षनेता, ज्याला सगळे वकील म्हणायचे, त्याने छापलेले प्रश्नसुद्धा अशा काही आवेशात विचारले की पाहुणे हसले. मग आवाजी मतदान आलं.

खासदारांचं होय असं घुमलं की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. तिने नाहीसाठी विचारलं. एक श्वास.

आणि त्या श्वासात, तिसऱ्या रांगेतून, डाव्या टोकाकडून, एक नाही आला.

मोठा नव्हता. पण स्वच्छ होता. भोंगाने पाहिलं. मुंगीने हात अर्धा वर केला होता आणि ती सरळ तिच्याच डोळ्यांत बघत होती. पाहुण्यांना काही कळलं नाही, पालकांना नाही, मंचावर फक्त एकीला कळलं. पण हातोडी वर गेलेली होती. एकोणीस वेळा या क्षणी ती खाली आली होती.

“ठराव एकमताने मंजूर,” तिने सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, आणि विसाव्यांदा ठक झालं.

टाळ्यांचा पाऊस पडला. सगळ्यात जोरात मामा वाजवत होता.

मंचामागे निरीक्षकांनी इतिवृत्त तयारच ठेवलं होतं. बैठकीत काय झालं त्याचा तो कागद, बैठक व्हायच्या आधीच टंकून आणलेला. त्यांनी सहीसाठी स्वतःचं पेन पुढे केलं. तिने वहीच्या मागच्या पानांवर महिनाभर गिरवलेली सही केली, शेवटी वेलांटीसारखा फराटा असलेली.

“आवाज फार छान आहे तुमचा,” निरीक्षक म्हणाले. “असा आवाज असला की बाकीचे ऐकू येत नाहीत.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्या माणसाने तिला अहोजाहो केलं होतं. ती दिवसभर हवेत होती. मुंगीला मात्र तिने काही विचारलं नाही. खोकली असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. मुंगीनेही विषय काढला नाही. नेहमीसारखी बाकावर सरकून जागा दिली, एवढंच.

नवव्या दिवशी शाळेच्या मागच्या भिंतीशी चार माणसं फीत घेऊन आली.

त्या भिंतीला टेकून सात गाळे होते. चपला शिवणारे, घड्याळजी, वह्या-पुस्तकांचं दुकान, मग आईचं शिवणकाम, त्याला लागून मामाचं किल्ल्यांचं, मग छत्र्या दुरुस्त करणाऱ्या काकू आणि टोकाला झेरॉक्स. चार माणसांनी फीत धरली, आकडे ओरडले, आणि प्रत्येक शटरवर पिवळ्या रंगाने नंबर टाकला. आईच्या शटरवर चार, मामाच्या शटरवर पाच. कुणी विचारलं तर ते म्हणायचे, आम्ही रंगारी, आम्हाला काय माहीत. मामा म्हणाला, चला, इतक्या वर्षांनी आपल्याला पत्ता मिळाला, आता पत्रं यायला लागतील.

पत्र दुसऱ्याच दिवशी आलं. सात शटरांवर सात नोटिसा डकवलेल्या होत्या. भोंगा शाळेतून आली तेव्हा गल्लीत सगळे आपापल्या शटरसमोर कागदाकडे बघत उभे होते. ती कोपऱ्यावरून गात आली होती, ते गाणं तोंडातल्या तोंडात विरलं. आई दुकानाच्या पायरीवर उभी राहून कागद दुसऱ्यांदा वाचत होती. युवा संसदेने सदर ठराव एकमताने मंजूर केला असल्यामुळे परिसराची संमती आहे असे धरण्यात येत असून सुनावणीची आवश्यकता नाही. गाळे तीस दिवसांत रिकामे करावेत. खाली इतिवृत्ताची छोटी प्रत, आणि तिच्या खाली वेलांटीसारखा फराटा.

आईने गळ्यातली मापाची फीत काढली, घडी घातली आणि शिवणयंत्रावर ठेवली.

“ही सही तुझीच ना?”

“हो.”

“छान आलीय,” आई म्हणाली.

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. पण आईला खरंच ती सही छान वाटली होती, तिच्या लेकीची सही पहिल्यांदाच छापून आली होती, आणि हे दोन्ही एकाच कागदावर कुठे ठेवायचं ते तिला कळत नव्हतं. मग ती यंत्रापाशी बसली. पायाखालचं पायडल हललं नाही.

घड्याळजींनी सगळ्यांना समजावून सांगितलं, कारण त्यांचं आधीचं दुकान असंच गेलं होतं आणि जाता जाता त्यांना नियम शिकवून गेलं होतं. सुनावणी झाली असती तर कागद दाखवता आले असते. वीस वर्षांच्या पावत्या आहेत, परवाने आहेत. दुसरी जागा दिल्याशिवाय हलवता आलं नसतं. एकमताने म्हटलं की ते सगळं बारगळतं. कुणा एकाने जरी हरकत घेतली असती, अगदी एकाने, तरी सुनावणी लावावीच लागली असती त्यांना. पण साठ पोरांत एकाला सुचू नये? असं म्हणून त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि कुणाच्या तरी घड्याळात डोकं घातलं.

मामा भाचीकडे बघत होता. त्याने विनोद केला नाही. साठ पोरांत एकीला सुचलं होतं. हे जगात दोघींनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक ती स्वतः होती.

सकाळी ती मुंगीच्या आधी शाळेत जाऊन बाकावर बसली.

“तू ‘नाही’ का म्हणालीस?” तिने विचारलं.

मुंगीने दप्तर ठेवलं. नकाशा पाहिला होता म्हणून, ती म्हणाली. अकराव्या पानावर मोकळी करायची जागा रेघा मारून दाखवली होती, आणि त्या रेघांखाली चौथ्या नंबरला तुझ्या आईचं दुकान होतं. आदल्या दिवशी सांगायला आले होते, तू आरशासमोर हातोडी आपटत होतीस. मला वाटलं, तुला माहीत असेल. सभापतीला सगळं माहीत असतं.

“तू ऐकलंस ना?” मुंगीने मग विचारलं.

भोंगाला खोटं बोलता आलं असतं. गोंगाट होता म्हणता आलं असतं, आणि मुंगीने ते मानलंही असतं.

“ऐकलं,” ती म्हणाली.

मुंगीने मान डोलावली. चिडली नाही, रडली नाही. पेन्सिलीला टोक करायला लागली.

बाईंकडे गेल्यावर बाईंनी आधी दार लावलं, मग खिडकी. त्यांना खूप वाईट वाटत होतं हे दिसत होतं, आणि त्यापलीकडे त्या काही करणार नाहीत हेही दिसत होतं. अगं, तो खेळ होता, त्या म्हणाल्या, शिकण्यासाठी. खेळातल्या कागदावर गाळे कसे पाडतात, असं भोंगाने विचारलं, तर त्या वह्या तपासू लागल्या. पुढच्या वर्षी माझी निवृत्ती आहे, एवढं त्या हळूच म्हणाल्या. जणू कुणी त्यांना विचारलं होतं.

मग तिने मरून पुस्तिका घेतली आणि या खेपेस पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली, मुंगी वाचते तशी. एकतिसावा नियम सापडला. इतिवृत्त पुढच्या बैठकीत वाचून कायम होईपर्यंत त्यात दुरुस्ती करता येते. चौदावा नियम सापडला. बैठक सभापती बोलावतात, दोन दिवस आधी फलकावर सूचना लावून. सहावा नियम. दहावा हिस्सा सभासद हजर असले तर गणपूर्ती झाली. साठांचा दहावा हिस्सा सहा. कार्यक्रम संपल्यावर संसद संपते असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. ज्याने पुस्तिका छापली त्याला वाटलंच नसणार की कुणी ती वाचेल.

बुधवारी तिने फलकावर सूचना लावली. शुक्रवारी शाळा सुटल्यावर, भूगोलाच्या खोलीत. विषय, मागील इतिवृत्तात दुरुस्ती. खाली सही, यावेळी फराटा न मारता.

बुधवारी दुपारपर्यंत बत्तीस जण येतो म्हणाले. वकील तर दोन्ही बाह्या सरसावून तयार होता. गुरुवारी सकाळी बत्तीसचे एकोणीस झाले. पंतप्रधान म्हणाला, काल घरी कुणीतरी आलं होतं, फार चांगलं बोलत होते, बाबांच्या दुकानाच्या परवान्याची चौकशी करत होते. आणखी एकीच्या आजीला पेन्शनच्या कागदांबद्दल फोन आला होता. कुणी धमकी दिली नव्हती. सगळ्यांकडे फक्त विचारपूस झाली होती, आणि विचारपूस करणाऱ्याला प्रत्येक घरात कोण कोण असतं ते आधीच ठाऊक होतं. मधल्या सुट्टीतली बिस्किटं तिला आठवली.

मुंगीला तिनेच येऊ नकोस म्हणून सांगितलं. तुझे बाबा त्यांच्याच गाडीवर आहेत, तू लांब राहा, मी लिहीन की एका सभासदाने हरकत घेतली, नाव कशाला हवंय? मुंगी म्हणाली, बरं.

शुक्रवारी भूगोलाच्या खोलीत पाच जण होते. वकील, झेरॉक्सवाल्यांची मुलगी, दोघी जुळ्या बहिणी ज्यांच्या घरी विचारपूस करायला कुणी भेटलंच नव्हतं कारण सगळे कामावर असतात, आणि भोंगा. भिंतीवर जगाचा नकाशा एका खिळ्यावर लोंबत होता. सव्वापाच वाजले, साडेपाचला शिपाई खोली बंद करणार होता. वकील म्हणाला, तू स्वतःला दोनदा मोज, आवाज दोघांचा आहेच. कुणी हसलं नाही.

मग दार वाजलं. “आत आलं तर चालेल ना?” निरीक्षकांनी विचारलं आणि शेवटच्या बाकावर बसून वही उघडली.

ते आल्यावर खोली लहान झाली. जुळ्या एकमेकींना चिकटल्या. झेरॉक्सवाल्यांच्या मुलीने दप्तर मांडीवर घेतलं. निरीक्षकांनी हजर असलेल्यांची नावं लिहून घेतली. विचारली नाहीत, नुसती मान वर करून एकेकाकडे पाहिलं आणि लिहिली. पाच, ते म्हणाले, गणपूर्ती नाही वाटतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, अगदी दिलगिरीने.

तेवढ्यात मुंगी आली. धावत आली होती, धाप लागली होती. भोंगाने तिच्याकडे असे डोळे मोठे केले की दुसरं कुणी असतं तर पायरीवरूनच परतलं असतं. मुंगी तिसऱ्या बाकावर जाऊन बसली.

सहा.

भोंगाने इतिवृत्त वाचलं. तिचा आवाज आज तिला स्वतःलाच परका वाटत होता, पण तो कापला नाही. मग ती म्हणाली की सभापती म्हणून मला दुरुस्ती करायची आहे. ठराव एकमताने मंजूर झाला हे खरं नाही. एका सभासदाने नाही म्हटलं होतं. मी ते ऐकलं होतं आणि तरीही हातोडी आपटली. चूक माझी आहे, ती कागदावर यावी.

सगळ्यांसमोर चूक कबूल करायला तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वेळ लागला.

“छान,” निरीक्षक म्हणाले. “अशीच लोकशाही रुजते. सभासदाचं नाव?”

नावाची गरज नाही, ती म्हणाली. निरीक्षकांनी वकिलाला बत्तिसावा नियम मोठ्याने वाचायला सांगितला. वकिलाने वाचला, आणि वाचता वाचता त्याचा चेहरा पडला. हरकतीची नोंद हरकत घेणाऱ्याच्या नावासह करावी, अन्यथा हरकत घेतली नाही असे समजावे. तिने हा नियम वाचला नव्हता असं नाही. वाचला होता, आणि त्याच्यावरून नजर घसरू दिली होती. पुन्हा एकदा.

मग माझं लिहा, ती म्हणाली. ‘नाही’ मी म्हटलं.

निरीक्षकांनी मान हलवली. सभापतींना मत नसतं, ते समजुतीने म्हणाले, आणि शिवाय चौथा गाळा आपल्या मातोश्रींचा ना? हितसंबंध असलेल्या सभासदाला त्या विषयावर बोलता येत नाही, नववा नियम. यांच्या वडिलांचं झेरॉक्स, म्हणजे याही नाहीत. बाकी कुणी असेल तर सांगा. त्यांनी वकिलाकडे पाहिलं. वकिलाने त्या दिवशी साठ जणांत सगळ्यात मोठ्याने होय म्हटलं होतं, ते सगळ्या सभागृहाने ऐकलं होतं. त्याने खाली पाहिलं. जुळ्यांनीही.

भोंगाला तिसऱ्या बाकाकडे बघायचं नव्हतं. बघितलं तर ते विचारल्यासारखं होईल. ती जगाच्या नकाशाकडे बघत राहिली. बोल, असं तिच्या आतलं काहीतरी म्हणत होतं, आणि बोलू नकोस, असंही, आणि दोन्ही आवाज तिचेच होते.

“नाव नसेल तर मी निघतो,” निरीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं.

“मी म्हटलं होतं,” मुंगी उभी राहिली. आवाज तेवढाच लहान. पण यावेळी खोलीत दुसरा आवाजच नव्हता.

निरीक्षकांनी टोपण पुन्हा काढलं. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तू आमच्या चालकांची ना, ते म्हणाले, तुझे बाबा खालीच आहेत, मला त्यांनीच आणलं. त्यांना वर बोलावू का? वडीलधाऱ्यांना विचारून बोललेलं बरं असतं.

“नको,” मुंगी म्हणाली. “ते कामावर आहेत.”

मग ती भोंगाकडे वळली. कागद टेबलावर होता, पेन भोंगाच्या हातात होतं, आणि हात हलत नव्हता.

“लिही ना,” मुंगी म्हणाली. “थांबलीस का?”

“तुला नक्की...”

“या वेळेस तरी लगेच लिही.”

भोंगाने लिहिलं. दुरुस्ती, ठराव बहुमताने मंजूर, विरोधात एक. आणि मुंगीचं नाव.

“पूर्ण,” निरीक्षक म्हणाले. “पूर्ण नाव लागेल.”

पूर्ण नाव म्हणजे आधी स्वतःचं, शेवटी आडनाव, आणि मधे वडिलांचं. शाळेच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक वहीवर, प्रत्येक दाखल्यावर त्या दोघी असंच लिहीत आल्या होत्या, आणि मधल्या नावाकडे कुणी कधी पाहिलंही नव्हतं. भोंगाने मधलं नाव लिहिलं. अक्षर नीट आलं. तिने हातोडी आणली नव्हती, म्हणून नुसतंच म्हणाली, इतिवृत्त दुरुस्तीसह कायम.

निरीक्षकांनी कागद वाचला, खाली तारीख टाकून सही केली, एक प्रत तिला दिली. नियमाने वागणारा माणूस होता. पंधरा दिवसांत सुनावणी लागेल, त्यांनी सांगितलं, गाळेधारकांना तसं पत्र जाईल. अभिनंदन. जाताना त्यांनी खुर्ची जागेवर सरकवली.

सगळे खिडकीशी गेले. खाली फाटकापाशी करडी गाडी उभी होती. मुंगीचे बाबा फडक्याने काच पुसत होते. साहेब येताना दिसले तसं त्यांनी फडकं खिशात कोंबलं आणि मागचं दार उघडून धरलं. निरीक्षक आत बसले नाहीत. ते त्यांच्यासमोर थांबले, दोन-तीन वाक्यं बोलले, शांतपणे, हात मागे बांधून. बाबांनी एकदा मान वर करून शाळेच्या खिडक्यांकडे पाहिलं. मग निरीक्षकांनी हात पुढे केला, तळवा वर करून, आणि वाट पाहिली.

बाबांनी खिशातून किल्ली काढून त्या तळव्यावर ठेवली.

मागचं दार त्यांनी स्वतःच लावलं, सवयीने, हलक्या हाताने. निरीक्षक पुढे बसून गाडी घेऊन गेले. बाबा फाटकाशी उभे राहिले, कुठल्या बाजूला चालायला लागावं ते न कळल्यासारखे.

“सुनावणी होणार ना पण?” मुंगीने विचारलं.

“होणार,” भोंगा म्हणाली. एवढं हळू, की मुंगीला ते पुन्हा विचारावं लागलं.

“होणार,” ती म्हणाली.

मुंगीने दप्तर पाठीला लावलं आणि जिना उतरायला लागली. बाकीचे खिडकीशीच होते. भोंगाने हातातली प्रत घडी न घालता तशीच धरली आणि तिच्या मागोमाग, एकेक पायरी, फाटकाकडे निघाली. बाबांना काय सांगायचं ते तिला माहीत नव्हतं. पण मुंगीला ते एकटीने सांगावं लागू नये, एवढं तिला माहीत होतं.